तंबूतलं आकाश आणि देवीचा कौल

आमच्या कामात किस्से शोधायला जावं लागत नाही. धुण्यासारखे साठतात. एकाची घडी घालेपर्यंत दुसरी बादली भरलेली असते. घरी सांगायला जावं तर हे मोबाईलमध्ये, आणि माझ्या डोक्यात सारखं दुसरंच चालू. म्हणून आज लिहूनच काढते.

आधी काम काय ते सांगते. आमच्याकडे एक आकाश आहे. फुगवायचं! जाड काळ्या कापडाचा घुमट, ब्लोअरने हवा सोडली की खोलीएवढा उभा राहतो. मधोमध प्रोजेक्टर. आत गेलं की डोक्यावर तारे, ग्रह, सगळं. शाळेच्या हॉलमध्ये नाहीतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये आम्ही तो लावतो, मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत जिथून बोलावणं येईल तिथे. लिमये सर मालक. कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झाले आणि घरात बसवेना म्हणून हे सुरू केलं. सिद्धार्थ टेम्पो चालवतो आणि प्रोजेक्टरही. तिसरी मी. माझं शिक्षण सातवी. मुलांच्या चपला काढायला लावायच्या, त्यांना कापडी बोगद्यातून वाकून आत सोडायचं, गोल बसवायचं, रडेल त्याला बाहेर काढायचं, हे माझं खातं.

आणि आमच्याबरोबर मीनू. माझी मुलगी, चार वर्षांची. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. बाहेरून लावायचं मशीन लावून झालं, उपयोग नाही. डॉक्टर म्हणतात, कानाच्या आत यंत्र बसवू, सरकारी योजनेत नंबर लागलाय, पण वेळ घालवू नका, उशीर झाला तर ऐकू आलं तरी बोलणं जमायचं नाही. सासूबाई नको म्हणतात. त्या कुडाळकडच्या, इतकी वर्षं विक्रोळीत काढली तरी बोलणं पक्कं मालवणी. "देवान दिला तसा चेडू आसा, त्याच्या डोक्याक भोक कित्याक पाडतास?" चेडू म्हणजे पोरगी. आणि हे म्हणतात, आई म्हणेल तसं.

तेव्हा पुढचं वाचताना एवढं धरून चाला, की मी हसत असले तरी डोक्यात हे चालूच आहे.

*

बोरिवलीची एक सोसायटी. रविवार सकाळ. चपला बाहेर काढायच्या, वाकून आत जायचं, आत अंधार आणि गारवा. आता तुम्हीच सांगा, कुणाला काय वाटेल? एक आजी थेट ताट घेऊनच आल्या. हळदकुंकू, फुलं, वाटीत साखर. मी बोगद्याच्या तोंडाशी उभी, मलाच विचारलं, आत देव कुठला बसवलाय.

मी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "आजी, आत देव नाही. आकाश आहे."

आजी म्हणाल्या, "बरं. मग तोंड कुठल्या बाजूला करून बसू?"

सरांनी अर्धा तास तारे दाखवले. आजींनी अर्धा तास हात जोडलेलेच ठेवले. बाहेर आल्यावर त्यांनी प्रोजेक्टरला दाखवलेली साखर सगळ्यांच्या हातावर ठेवली. सरांचा हातही पुढे आला. सिद्धार्थ त्यांच्याकडे बघायला लागला.

सर म्हणाले, "काय बघतोस? साखर आहे. साखरेशी माझं भांडण नाही."

*

घाटकोपरला एक काका भेटले. शो संपला तरी उठेनात. सगळे गेल्यावर सरांना हळूच म्हणाले, मला फक्त शनी दाखवा. साडेसाती चालू आहे, आयुष्याची वाट लावली त्याने, एकदा तोंड तरी बघू दे.

सरांनी शनी मोठा करून दाखवला. कडं, रंग, सगळं. काका किती वेळ नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "हा? हा एवढा देखणा आहे?"

सर खूश. त्यांना वाटलं एक माणूस सुटला. पाणी प्यायला बाहेर गेले. तेवढ्यात काकांनी सिद्धार्थला विचारलं, याला जरा पुढच्या राशीत सरकवता येईल का. आता त्या सॉफ्टवेअरमध्ये तारीख पुढे नेता येते. सिद्धार्थने बोट दाबून धरलं, अडीच वर्षं भराभर गेली, शनी गेला पुढे. काकांनी डोळे पुसले, सिद्धार्थच्या पाठीवर थाप मारली आणि घरी गेले.

आठवड्याने सरांना त्यांचा फोन. रुसलेला जावई स्वतःहून जेवायला आला म्हणे. पुढचं शिबिर कधी?

सर सिद्धार्थवर टेम्पोभर ओरडले. आपण अंधश्रद्धा घालवायला निघालोय की वाढवायला? सिद्धार्थने शांतपणे गिअर टाकला. तो बौद्ध, त्याच्या घरी राशी-बिशी कुणी मानत नाही. म्हणाला, "सर, मीपण मानत नाही. पण माणूस रडत होता ना यार, आणि बटण माझ्या हातात होतं."

मी मागे बसले होते, मीनू मांडीवर झोपलेली. मनात म्हटलं, असं एखादं बटण माझ्यासाठी पण असतं तर मी विचारलं असतं का, खरं की खोटं?

*

मी स्वभावाने घाबरट. शोमध्ये सर रोज सांगतात, पृथ्वी स्वतःभोवती फिरते, सूर्याभोवती धावते, सूर्य आपल्याला सगळ्यांना घेऊन आणखी कुठेतरी धावतोय. मुलं "वॉव" म्हणतात. मला मळमळतं. एकदा टेम्पोत सरांना विचारलंच, हे सगळं चालवतंय कोण?

सर म्हणाले, "कोणीच चालवत नाही."

मी टेम्पोचा दांडा घट्ट धरला.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या मासे साफ करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, कोणीच चालवत नाही तर मग कुठे आपटत कशी नाही, विचार तुझ्या सरांना. मी दुसऱ्या दिवशी विचारलं. सर म्हणाले, गुरुत्वाकर्षण. संध्याकाळी मी ते घरी नेलं. सासूबाईंनी विचारलं, ते कोणी ठेवलं? सकाळी मी ते परत सरांकडे मुलुंडला नेलं.

असं कित्येक महिने चाललं. दोघांनी एकमेकांचं तोंड बघितलेलं नाही, पण मी मध्ये डबा पोचवल्यासारखी प्रश्न पोचवत होते. सर रोज सकाळी आधी विचारायचे, "काय म्हणाल्या?" सुरुवातीच्या आधी काय होतं, असं सासूबाईंनी एकदा विचारलं, तेव्हा सर ब्लोअरची पिन हातात धरून उभेच राहिले. म्हणाले, "त्यांना सांग, मला माहीत नाही. कोणालाच नीट माहीत नाही."

मला वाटलं सासूबाई जिंकल्याच्या तोऱ्यात हसतील. त्या हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माणूस खोटा बोलत नाय."

त्या रात्रीपासून त्या ऑपरेशनबद्दल विचारायला लागल्या. किती कापतात, किती दिवस झोपवतात. मी सरांकडून कानाची माहिती आणली. आत गोगलगायीसारखा गोल शंख असतो, त्यात ती बारीक तार जाते. शंख म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं. हो म्हणाल्या नाहीत, पण नको म्हणायचं थांबल्या. मी कॅलेंडरकडे बघायला लागले.

*

मग अंधेरीचा प्रकार झाला. एका शाळेच्या हॉलमध्ये शो चालू, आत चाळीसेक मुलं, आणि लाईट गेली. ब्लोअर बंद. आमचं आकाश खाली यायला लागलं.

ते हळूच येतं, लागत नाही, पण काळोखात डोक्याला थंड कापड टेकलं की मोठा माणूसही ओरडतो. मुलांनी एकच कालवा केला. त्यांच्या बाई नावं घेऊन हाका मारायला लागल्या, आणि मुलं एकेक करून ओ द्यायला लागली.

माझी मीनू पण आत होती. मी कुणाला हाक मारू? चाळीस मुलांत ती एकच, जिला नाव घेऊन बोलावता येत नाही. मी गुडघ्यांवर रांगत हातांनी एकेक डोकं चाचपत गेले. वेणी लागली की थांबायची, ही तिची नाही, पुढे.

तेवढ्यात कोपऱ्यातून एका पोराने रामरक्षा सुरू केली. दुसऱ्याने त्याच्या शेजारी कलमा. एक मुलगी "बुद्धं सरणं" म्हणायला लागली, कोणी इंग्रजीत येशूची प्रार्थना. आणि काय आश्चर्य, म्हणायला लागली तशी मुलं जागच्या जागी बसली. धक्काबुक्की थांबली. सरांचा आवाज आला, "शाबास, चालू ठेवा, चालू ठेवा, म्हणत राहा, कोणी उठायचं नाही." सिद्धार्थने तोवर घुमटाच्या कापडाची चेन उघडली आणि एकेकाला बाहेर काढलं.

मीनू मला अगदी शेवटी सापडली. उताणी पडली होती. खाली आलेलं आकाश दोन्ही हातांनी वर ढकलत होती, आणि हसत होती. तिला वाटलं हा शोच आहे. मी तिला छातीशी धरलं, तर तीच मला थोपटायला लागली.

तेव्हापासून सर प्रत्येक शोच्या आधी दोन सूचना देतात. एक, चपला बाहेर. दोन, "ब्लोअर बंद पडला तर ज्याची जी प्रार्थना असेल ती मोठ्याने म्हणा, आणि जागचं हलू नका." एका ठिकाणी हेडमास्तरांनी विचारलं, सर, तुम्ही तर विज्ञानाचे ना? सर म्हणाले, "हो. हे करून बघितलंय."

*

गोरेगावला एका स्टुडिओत कामगारांच्या मुलांसाठी शो होता. शेजारच्या सेटवर पौराणिक सिरियलचं शूटिंग. जेवणाच्या सुट्टीत यमराज आले. पूर्ण पोशाखात, मुकुट, मिशा, गदा. सरांना हात जोडून म्हणाले, आत अंधार आहे, जरा पाठ टेकू का, पहाटेपासून उभा आहे. सर म्हणाले टेका.

थोड्या वेळाने बघते तर मीनू दिसेना. बोगद्यातून आत डोकावले. यमराज प्रोजेक्टरच्या खोक्याला टेकून घोरतायत आणि माझी पोर त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून गाढ झोपलीय. गदेवर हात.

मी ओरडणार, तर सरांनी तोंडावर बोट ठेवलं. "उठवू नको, दोघं दमलेत."

सिद्धार्थला हसू आवरेना. त्याने फोटो काढला आणि ह्यांना पाठवून दिला. ह्यांनी तो आईला दाखवला.

घरी गेले तर कोणी हसत नव्हतं. सासूबाई देवापाशी बसलेल्या. एवढंच म्हणाल्या, "यमाच्या मांडयेर निजलेला पोर मी ऑपरेशनच्या टेबलार निजवूक देवचंय नाय." झालं. कित्येक महिने मी थेंबथेंब जमवलेलं एका फोटोत सांडलं. ह्यांनी मान खाली घातली. डॉक्टरांकडून फोन येत होता, तो हे उचलेनात.

दुसऱ्या दिवशी मी टेम्पोत रडले. सिद्धार्थने कानाला हात लावून माफी मागितली. सर चिडले. "अगं, तो नट आहे. उठल्यावर त्याने माझ्याकडे ॲसिडिटीची गोळी मागितली. सांग त्यांना."

मी सांगितलं. सासूबाईंनी देवापुढची वात पुढे सारली. मग म्हणाल्या, देवीला विचारू. कौल लावू. देवी हो म्हणाली तर मी मधे येणार नाही, नाही म्हणाली तर हा विषय या घरात परत काढायचा नाही. हे लगेच म्हणाले, मान्य. मला कोणी विचारलंच नाही.

मी उठले, तर मागून म्हणाल्या, "आणि त्या सरांका घेवन ये. मागसून कोणी म्हणाक नको, म्हातारेन फसवल्यान."

*

गेल्या रविवारची गोष्ट.

मी साताऱ्याकडची, कौल कधी बघितला नव्हता. आमच्या चाळीच्या टोकाला मालवणी लोकांनी बांधलेलं देवीचं छोटं देऊळ आहे. राऊळकाका तिथली पूजा बघतात. देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक पाकळी पाण्याने चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. एवढं सोपं. आणि त्यावर माझ्या मीनूचं सगळं आयुष्य.

सर आले, इस्त्रीचा शर्ट घालून. सिद्धार्थ आला. सासूबाईंनी सरांना पहिल्यांदा बघितलं, खालपासून वरपर्यंत. सरांनी नमस्कार केला. मग देवळात नजर फिरवली आणि राऊळकाकांना म्हणाले, वर पंखा चालू आहे, वाऱ्याने पाकळी उडेल, प्रयोग करायचा तर नीट करा. राऊळकाकांना राग आला. एवढी वर्षं पंख्याखालीच कौल होतोय. पण सासूबाई म्हणाल्या, "बरोबर बोलता. बंद कर रे." पंखा बंद झाला. सरांनी स्वतः खिडकी लावून घेतली.

राऊळकाकांनी गाऱ्हाणं सुरू केलं. बाय माझे आई, ह्या लेकराच्या कानाचा काम काढलाहा, करूचा काय नाय ता सांग. सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." मी म्हटलं, ह्यांनी म्हटलं. सिद्धार्थने पण म्हटलं, मी ऐकलं.

मग नुसतं बघत बसायचं. एक पण पाकळी हलेना. घामाच्या धारा. मीनू माझ्या मांडीवरून उतरली, घंटेला हात लावून आली, परत बसली.

सर हळूच सासूबाईंना म्हणाले, "पाणी सुकलं की एक पडेलच."

"ताच तर. खयची पडता, ता बघूचा."

"ते मला आधी सांगता येणार नाही."

"माका पण नाय," सासूबाई म्हणाल्या, आणि दोघं परत समोर बघायला लागले.

आणि डावी सुटायला लागली. आधी एक टोक वर आलं. मग अर्धी मोकळी झाली, वळली, आणि एवढ्याशा ओल्या टोकावर लटकत राहिली. राऊळकाकांनी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी डोळे मिटले. मी पदर तोंडात धरला. देवीला काय सांगू तेही सुचेना, नुसतं थांब, थांब म्हणत होते.

बोलणं शिकवणाऱ्या ताईंकडे मीनू आठवड्यातून दोनदा जाते. आवाज येण्याआधी श्वास यावा लागतो, म्हणून त्या तिच्याकडून टेबलावरचे कागदाचे कपटे फुंकून घेतात. एक कपटा उडाला की टाळ्या. मीनूला तेवढा एकच खेळ येतो.

ती कधी उठली मला कळलंच नाही. बघते तर ती देवीच्या उजव्या खांद्यापाशी टाचा उंच करून उभी. गाल फुगवले. "फू!"

उजवी पाकळी उडाली आणि देवीच्या पायाशी पडली. डावी अजून लटकतच होती.

मीनूने वळून आमच्याकडे बघितलं, आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या.

सिद्धार्थच्या तोंडून निघून गेलं, "अरे, पोरीने फुंकली!"

सासूबाई गर्रकन वळल्या. "देवीन कोणाच्या तोंडान फुकूचा, ता तू ठरवतलंस?"

राऊळकाका कधी देवीकडे बघतात, कधी मीनूकडे. म्हणाले, माझ्या जन्मात असा कौल झाला नाही, हा धरायचा की परत लावायचा, मला कळत नाही. हे माझ्याकडे बघायला लागले, मी ह्यांच्याकडे.

सासूबाईंनी पदराने घाम पुसला आणि सरांकडे वळल्या. "तुमी सांगा, सर. तुमी खोटा बोलणास नाय. तुमी काय बघितलास?"

सरांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसला. परत घातला. मीनूकडे बघितलं, मग वर छताकडे.

म्हणाले, "पंखा बंद होता."